जुन्या वॅगन आरला मागचा कॅमेरा बसवताना वीज नेमकी कुठून घ्यावी?

मूळ प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २००८ सालची पेट्रोलवर चालणारी वॅगन आर आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर २०२३ मध्ये आरटीओत तपासणी करून घेतली आणि नोंदणीचे पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकरण केले. इंजिन उत्तम आहे, गाडीचा वापर बेताचा आहे आणि ती बदलण्याचा घरात कोणाचाही विचार नाही.

आमचे घर नागपुरात महाल भागातील एका अरुंद गल्लीत आहे. गल्लीत गाडी वळवायला जागा नसल्यामुळे रोज सकाळी तीस-पस्तीस मीटर मागे घेतच मोठ्या रस्त्यावर यावे लागते. दोन्ही बाजूंना ओटे, उभ्या केलेल्या दुचाक्या आणि खेळणारी मुले असतात. मागच्या काचेच्या खालच्या कडेपेक्षा कमी उंचीचे जे काही असेल ते आरशात दिसत नाही. दिवाळीच्या आधी शेजारचे अडीच वर्षांचे मूल गाडीच्या अगदी मागे येऊन उभे राहिले होते आणि त्याची आई ओरडली म्हणून मी वेळेवर थांबलो. त्या दिवसापासून कॅमेऱ्याशिवाय गाडी मागे घेणे मला योग्य वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून कॅमेरा आणि पडदा असलेला आरसा बसवून घेतला होता, परंतु तो अनुभव चांगला नव्हता. ब्रेक दाबला की चित्रावर आडव्या लाटा येत, इंडिकेटर लावला की त्याच तालात चित्र उजळ आणि अंधुक होई, आणि पावसाळ्यात एकदा फ्यूज उडून रिव्हर्सचा दिवाच बंद पडला. दुकानदाराने फ्यूज बदलून दिला, आठ दिवसांनी तो पुन्हा उडाला, तेव्हा मी सर्व सामान काढून ठेवले. काढताना लक्षात आले की मूळ वायरीला प्लॅस्टिकच्या चिमट्यासारखे जोड नुसते दाबून लावलेले होते आणि डिक्कीच्या बिजागरीजवळ वायर एका बाजूने सोललेली होती.

आता हे काम मला स्वतः, सावकाश आणि नीट करायचे आहे. मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची बंदूक माझ्याकडे आहे, आणि घरातील विजेची लहानसहान कामे मी करतो. कॅमेऱ्याला वीज रिव्हर्सच्या दिव्यावरून घ्यावी की पुढून स्वतंत्र वायर आणावी? डिक्कीच्या दारातून वायर आत कशी न्यावी, म्हणजे ती पुन्हा सोलणार नाही? आणि मूळचा रेडिओ न काढता आरशातील पडद्यावरच समाधान मानावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

नमस्कार. मी वाहनांच्या वायरिंगचे काम अनेक वर्षे केले आहे. आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की आपला जुना कॅमेरा मुळात खराब नसावा, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. ब्रेक दाबल्यावर लाटा येणे आणि इंडिकेटरच्या तालात चित्र कमी-जास्त होणे ही खराब अर्थची, म्हणजे वीज बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडाची, खूण आहे. फ्यूज उडणे हा मात्र वेगळा दोष आहे आणि त्याचे कारण आपण स्वतःच शोधले आहे: बिजागरीजवळ सोललेली वायर बॉडीला टेकत होती.

आधी अर्थबद्दल सविस्तर लिहितो, कारण जुन्या गाडीत सर्व काही तिथेच अडते. मागच्या दिव्यांच्या एका संचात ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स आणि पार्किंग असे तीन-चार दिवे असतात आणि त्या सर्वांचा परतीचा प्रवाह बहुधा एकाच काळ्या वायरीने बॉडीवरील एका स्क्रूपर्यंत जातो. पंधरा-सोळा पावसाळे झाले की त्या स्क्रूखाली गंज धरतो आणि तेथे रोध तयार होतो. २१ वॅटचा ब्रेकचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. हा प्रवाह गंजलेल्या जोडातून जाऊ लागला की अर्थची वायर शून्यावर न राहता व्होल्ट-दोन व्होल्टने वर उचलली जाते. कॅमेऱ्याची काळी वायर त्याच ठिकाणी जोडलेली असेल तर प्रत्येक वेळी ब्रेक दाबल्यावर कॅमेऱ्याच्या पायाखालची जमीनच हलते.

याहून वाईट गोष्ट म्हणजे, व्हिडिओ केबलची बाहेरची जाळी पुढे पडद्याच्या चांगल्या अर्थला जोडलेली असते. मागचा मार्ग गंजलेला असेल तर परतीचा काही प्रवाह या बारीक जाळीतून पुढे धावू लागतो. चित्राचा संकेतही त्याच जाळीच्या संदर्भाने मोजला जात असल्यामुळे पडद्यावर लाटा उमटतात. अशा वेळी कॅमेरा बदलून, पडदा बदलून आणि महागडी केबल घालूनही दोष जात नाही. लोक दोन-तीन कॅमेरे बदलतात आणि शेवटी जुन्या गाडीत हे जमतच नाही असा निष्कर्ष काढतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी रिव्हर्सच्या दिव्याची तपासणी करा. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा, पुढच्या आणि मागच्या चाकाला वीट लावा, इंजिन सुरू न करता किल्ली फिरवून ठेवा आणि रिव्हर्स गिअर टाका. प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. नंतर दिवा होल्डरमध्ये पेटलेला असतानाच होल्डरच्या दोन टोकांवर मोजा. दिवा काढून मोजल्यास प्रवाहच वाहत नसल्यामुळे गंजलेला जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि माणूस फसतो. शेवटी मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे होल्डरच्या अर्थवर ठेवून फरक पाहा. त्यासाठी लांब वायरीचा तुकडा लागेल. हा फरक ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत असावा. दोन्ही बाजूंची मापे येथे लिहा, मग पुढचे सांगतो.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आताच देता येईल. वीज रिव्हर्सच्या दिव्यावरूनच घ्यावी. कॅमेऱ्याला लागणारा प्रवाह बहुधा एक-दोन दशांश अँपिअर एवढाच असतो, त्यामुळे मूळ वायरीवर ताण येत नाही आणि रिलेचीही (विजेवर चालणाऱ्या वेगळ्या स्विचची) गरज पडत नाही. काही नव्या गाड्यांत संगणक दिव्यांना तुटक-तुटक वीज देतो आणि तेथे कॅमेऱ्यासाठी वेगळा फिल्टर किंवा रिले लावावा लागतो. आपल्या गाडीत गिअरबॉक्सवरचा साधा स्विच आहे, त्यामुळे ती अडचण नाही.

जेथून वीज घ्याल त्या जोडापासून चार-सहा बोटांच्या अंतरावर एक अँपिअरचा वेगळा फ्यूज अवश्य घाला. गाडीचा मूळ फ्यूज दहा-पंधरा अँपिअरचा असतो आणि तो जाड वायरींच्या रक्षणासाठी ठेवलेला असतो. कॅमेऱ्याची केसासारखी वायर कुठे घासली गेली तर मूळ फ्यूज उडण्याआधी ती वायर तापून तिचे आवरण वितळू शकते. शिवाय अनेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सच्या दिव्याबरोबर इंडिकेटर किंवा मीटरही त्याच फ्यूजवर असतात. फ्यूजपेटीच्या झाकणावरील तक्ता एकदा वाचून घ्या.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपण इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आज रविवार असल्यामुळे सकाळी ऊन चढण्यापूर्वी सर्व मापे घेतली. रिव्हर्सचा दिवा पेटलेला असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते. उजव्या दिव्याच्या होल्डरवर ११.९ व्होल्ट मिळाले, डाव्या होल्डरवर मात्र फक्त ९.८. डाव्या होल्डरची अर्थ आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात २.२ व्होल्टचा फरक आला. उजवीकडे तोच ०.१ होता. दुकानदाराने कॅमेरा डाव्या दिव्यावरच जोडला होता. डावा दिवा उजव्यापेक्षा पिवळसर दिसतो हे मी अनेक महिने पाहत होतो, परंतु बल्ब जुना झाला असेल असे समजून सोडून देत होतो.

पहिल्या उत्तरदात्याचे पुढील उत्तर

मापे अगदी बोलकी आहेत. बॅटरीपासून दिव्यापर्यंत धन बाजूला ०.४ व्होल्ट हरवत आहेत, आणि सोळा-सतरा वर्षांच्या गाडीत, स्विच व फ्यूज ओलांडून येताना, एवढी घट मी मान्य करतो. ऋण बाजूला २.२ व्होल्ट हरवणे मात्र मान्य करण्यासारखे नाही. दिव्यातून साधारण दीड अँपिअर वाहत असतील असे धरले, तर डाव्या अर्थच्या जोडात जवळपास दीड ओहम रोध बसला आहे. जोड चांगला असेल तर तेथे ओहमचा विसावा भागही असू नये.

कॅमेरा उजव्या दिव्यावर जोडला तरी चालेल, पण डावी अर्थ तशीच सोडू नका. मागून येणाऱ्या माणसाला आपला डावा ब्रेक आणि डावा इंडिकेटरही मंदच दिसत असणार, आणि माझ्या मते ही गोष्ट कॅमेऱ्यापेक्षा अधिक तातडीची आहे. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचे ऋण टोक सोडवा, डिक्कीतील डाव्या बाजूचे आवरण काढा आणि काळी वायर बॉडीला जेथे बसते तो स्क्रू शोधा. स्क्रू, वायरीचे गोल टोक आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. गोल टोक हिरवे पडले असेल तर कापून नवे दाबून बसवा, खाली दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि वरून ग्रीसचा पातळ थर द्या, म्हणजे ओल आत जाणार नाही. होल्डरमधील पितळी पट्ट्याही घासून घ्या. जोडणी करताना बॅटरीचे ऋण टोक सर्वांत शेवटी लावा.

आता डिक्कीच्या दाराविषयी. बॉडी आणि दार यांच्यामध्ये वरच्या बाजूला रबराची घड्यांची नळी असते आणि मूळ वायरी तिच्यातूनच जातात. आपली वायरही तिच्यातूनच गेली पाहिजे. वेळ वाचवण्यासाठी वायर बिजागरीच्या फटीतून बाहेरून नेली की दार लावता-उघडताना ती कापली जाणारच. आपल्या गाडीत तेच घडले. नळीची दोन्ही टोके हलक्या हाताने सोडवा. सायकलच्या ब्रेकची जुनी तार आतून सरकवा, तिच्या टोकाला कॅमेऱ्याची वायर टेपने बांधा, साबणाचे पाणी किंवा सिलिकॉनचा फवारा लावा आणि सावकाश ओढा. व्हिडिओ केबलचा पिवळा प्लग जाड असल्यामुळे तो नळीतून जात नाही, म्हणून बारीक टोक असलेली बाजू आधी घाला. दार पूर्ण उघडून पाहा. त्या स्थितीत वायर ताणली जाता कामा नये, दोन-तीन सेंटिमीटर ढील राहिली पाहिजे. शेवटी नळीची टोके आपापल्या खाचेत बसली की नाही हे बोट फिरवून पाहा, नाहीतर पावसाचे पाणी छताच्या कापडात उतरते.

तेथून पुढे वायर मागच्या खांबाच्या आवरणामागून खाली आणि दारांच्या उंबऱ्यावरच्या प्लॅस्टिक पट्ट्यांखालून डॅशबोर्डपर्यंत न्या. सीटबेल्टच्या गुंडाळीपासून ती दूर ठेवा. मूळ वायरींचा जाड जुडगा ज्या बाजूने जातो त्याच्या विरुद्ध बाजू मिळाली तर अधिक चांगले. गाडीखालून वायर नेण्याचा मोह टाळा. तेथे सायलेन्सरची उष्णता आणि रस्त्यावरचे पाणी दोन्ही आहे.

जोडांबद्दल एकच आग्रह धरतो. ते दाबाचे चिमटे पुन्हा वापरू नका, कारण त्यांचे पाते मूळ वायरीच्या काही तारा कापते आणि तेथून गंज आत शिरतो. मूळ वायरीचे आवरण एक सेंटिमीटर सोलून नवी वायर तिच्याभोवती गुंडाळा, सोल्डर करा आणि वर कापडी टेप घट्ट लावा. जेथे वायरीचे टोक मोकळे आहे तेथे तापवून आवळणारी नळी घाला. साधी काळी टेप नागपूरच्या मे महिन्यात टिकत नाही. बंद गाडीत तिचा डिंक पाझरतो, टेप सुटते आणि उरतो तो चिकट, उघडा जोड.

दुसरे उत्तर

पडद्याच्या प्रश्नावर थोडेसे. मूळ रेडिओ नीट चालत असेल तर आरशावर अडकवायचा ४.३ इंचाचा पडदा पुरेसा आहे. मागे पाहताना आपली नजर आरशाकडे जातेच, त्यामुळे तो जागेच्या दृष्टीनेही सोयीचा ठरतो. त्याची लाल वायर किल्ली फिरवल्यावरच वीज मिळणाऱ्या फ्यूजवर जोडा. कायम वीज असलेल्या ठिकाणी जोडल्यास आठ-दहा दिवस उभी राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरू शकते. व्हिडिओ केबलबरोबर जी बारीक लाल वायर येते ती मागे रिव्हर्सच्या धन वायरीला आणि पुढे पडद्याच्या संकेताच्या वायरीला जोडायची असते. ती जोडली की गिअर टाकताच पडदा आपोआप कॅमेऱ्यावर जातो. मागचा एक अँपिअरचा फ्यूज या वायरीच्याही आधी आला पाहिजे, कारण ती संपूर्ण गाडीभर फिरते.

नवा कॅमेरा घेत असाल तर एक गोष्ट आधी विचारून घ्या. सध्या बाजारात एएचडी (अ‍ॅनालॉग हाय डेफिनिशन, म्हणजे अधिक बारकाव्याचे चित्र देणाऱ्या) प्रकारचे कॅमेरे पुष्कळ मिळतात, परंतु आरशातील स्वस्त पडदे आणि जुने प्लेअर फक्त साधा, जुन्या पद्धतीचा संकेत समजतात. प्लग दोन्हींचा सारखाच असल्यामुळे जोडणी बिनचूक वाटते आणि पडदा मात्र काळा राहतो किंवा चित्र फाटलेले दिसते. मी सीताबर्डीतून असाच एएचडी कॅमेरा आणला होता आणि दोन दिवस वायरी तपासण्यात घालवले. दोष कुठेच नव्हता, दोन उपकरणांची भाषाच वेगळी होती. बिनतारी संचाच्या मागे लागू नका, असेही सुचवतो. त्यात फक्त मधली लांब केबल वाचते, दोन्ही टोकांना वीज द्यावीच लागते आणि गर्दीच्या ठिकाणी चित्र अडखळते. ज्या क्षणी मागे मूल आहे की नाही हे कळायला हवे त्या क्षणी चित्र उशिरा येणे परवडत नाही.

तिसरे उत्तर

नमस्कार दादा. आपण लिहिलेला त्या बाळाचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. मी स्वतः मनीषनगरहून रोज गाडी चालवत कामाला जाते आणि माझ्या २०१० सालच्या गाडीला गेल्या वर्षी कॅमेरा बसवला आहे. वायरिंगवर वरील दोघांनी उत्तम लिहिले आहे. कॅमेरा कुठे बसवायचा आणि बसवल्यावर तपासायचा कसा, याबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहीत आहे.

नंबर प्लेटच्या चौकटीत बसणारा कॅमेरा घेऊ नका. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बंधनकारक आहे. ती पाटी पुन्हा न उघडणाऱ्या कुलुपांनी बसवलेली असते, त्यामुळे चौकट घालण्यासाठी ती काढता येत नाही. कॅमेऱ्याने पाटीवरचा एकही अंक झाकला जाऊ नये आणि पाटीवरच्या दिव्याचा उजेडही अडू नये. लहान कंसावर (ब्रॅकेटवर) बसणारा कॅमेरा पाटीच्या वरच्या पट्टीखाली, शक्यतो मध्यभागी लावा. स्क्रूसाठी छिद्र पाडावे लागले तर कडा घासून रेड ऑक्साइड आणि रंग लावल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि वायर जेथे पत्र्यातून आत जाते तेथे रबराची कडी हवीच. केवळ दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर विसंबू नका. माझा पहिला कॅमेरा एप्रिलच्या अखेरीस तापलेल्या पत्र्यावरून सुटून वायरीला लोंबकळत होता. कॅमेऱ्यावर आयपी ६७ किंवा त्याहून वरचा दर्जा लिहिलेला पाहून घ्या. ६७ मधील सहाचा अर्थ धूळ आत जात नाही आणि साताचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालतो. गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्यासाठी मात्र वेगळा दर्जा असतो, म्हणून पाण्याची बंदूक थेट भिंगावर धरू देऊ नका.

कॅमेऱ्याच्या शेपटीला बहुधा दोन छोटे वायरीचे वेटोळे असतात. त्यांतील एक कापल्यावर चित्र उलट-सुलट होते आणि दुसरे कापल्यावर पडद्यावरच्या रंगीत रेषा जातात किंवा येतात. कोणते कशासाठी आहे हे सोबतच्या कागदावर वाचल्याशिवाय कात्री लावू नका. मागच्या कॅमेऱ्यात चित्र आरशासारखे दिसले पाहिजे, म्हणजे आपल्या उजव्या हाताची दुचाकी पडद्यावरही उजवीकडेच हवी. हे तपासायला एखाद्याला गाडीच्या मागे एका बाजूला उभे करून हात हलवायला सांगा. त्या वेळी इंजिन बंद असू द्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना मागच्या सेन्सरची सूचना सक्तीची झाली, कॅमेरा सक्तीचा नाही. अमेरिकेत मात्र मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांना कॅमेरा बंधनकारक आहे आणि त्याने काय दाखवले पाहिजे हेही तेथील नियमात ठरवलेले आहे: गाडीच्या मागचा सुमारे तीन मीटर रुंद आणि सहा मीटर लांब पट्टा, आणि तोही गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांच्या आत. तो नियम आपल्याला लागू नसला तरी कॅमेरा नीट बसला की नाही हे तपासण्यासाठी माप म्हणून तो मला फार उपयोगी वाटला. मी अंगणात खडूने तेवढा आयत आखला, त्याच्या कडांवर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि प्रत्येक बाटली पडद्यावर दिसेपर्यंत कॅमेऱ्याचा कोन बदलत राहिले. बंपरच्या अगदी लगतची बाटली सर्वांत शेवटी दिसली. तेथेच लहान मूल उभे असण्याची शक्यता सर्वांत अधिक, म्हणून पडद्याच्या तळाशी बंपरची बारीकशी कड दिसेल इतका कॅमेरा खाली वळवा, मग आकाश कमी दिसले तरी बिघडत नाही.

पडद्यावरच्या हिरव्या, पिवळ्या आणि लाल रेषांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. स्वस्त कॅमेऱ्यातील रेषा स्टिअरिंगबरोबर वळत नाहीत आणि त्या कॅमेऱ्याच्या एका ठरावीक उंचीसाठी आखलेल्या असतात. आपल्या गाडीत ती उंची वेगळी असणार. बंपरपासून अर्धा, एक आणि दोन मीटरवर विटा ठेवून कोणती रेषा प्रत्यक्षात किती अंतर दाखवते ते एकदा पाहून ठेवा. रुंद भिंगामुळे प्रत्येक वस्तू आहे त्यापेक्षा दूर वाटते. आपल्या गल्लीत दोन्ही ओट्यांवरून मुले एकदम खाली उतरू शकतात आणि ती कडेने आत येईपर्यंत चित्रात नसतात. काच खाली ठेवून, गाणी बंद करून आणि शक्य असेल तर घरातील कोणाला तरी मागे उभे करूनच गाडी घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोन रविवार लागले, पण काम पूर्ण झाले. सर्वांना कळवणे माझे कर्तव्य आहे.

डाव्या बाजूच्या अर्थच्या स्क्रूखाली तपकिरी भुकटीच निघाली आणि वायरीचे गोल टोक हात लावताच तुटले. नवे टोक बसवून, पत्रा घासून पुन्हा मापले तेव्हा डाव्या होल्डरवर ११.९ व्होल्ट आणि अर्थवरचा फरक ०.०८ आला. दोन्ही दिवे आता सारखेच पांढरे दिसतात. त्यानंतर केवळ खात्री करून घेण्यासाठी मी जुनाच कॅमेरा आणि जुनाच आरसा तात्पुरत्या वायरीने जोडून पाहिला. ब्रेक, इंडिकेटर, काच तापवणाऱ्या तारा असे सर्व एकाच वेळी सुरू केले, तरी चित्र स्थिर राहिले. त्यामुळे नवा संच घेतलाच नाही. खर्च झाला तो फक्त फ्यूजचा होल्डर, नवी केबल, कापडी टेप आणि आवळणारी नळी एवढाच.

रबराच्या नळीतून वायर ओढण्यात पूर्ण दुपार गेली. ब्रेकची तार प्रत्येक वेळी मधल्या घडीत अडकत होती. शेवटी नळी दोन्ही बाजूंनी काढून, हातात सरळ धरून वायर ओवली आणि मग ती पुन्हा खाचेत बसवली, तेव्हा जमले. नंतर पत्नीने डिक्कीवर दहा मिनिटे पाण्याचा पाइप धरला आणि मी आत बसून छताचे कापड चाचपत राहिलो. पाणी आले नाही.

ताईंनी सांगितलेला सहा मीटरचा आयत गल्लीत आखला, पण गल्लीची रुंदीच पावणेतीन मीटर भरली, त्यामुळे दोन्ही ओटे चित्रात येतात. आमच्या कॅमेऱ्यात लाल रेषा बंपरपासून ७० सेंटिमीटरवर पडते आणि पिवळी सुमारे दीड मीटरवर. ही दोन मापे कागदावर लिहून मी सनव्हायझरवर चिकटवली आहेत, कारण गाडी पत्नीही चालवते. बंपरला लागून ठेवलेली अर्ध्या लिटरची बाटली दिसण्यासाठी कंसाखाली एक पातळ वॉशर घालावा लागला.

एक प्रश्न उरला आहे. रात्री गल्लीतील दिवा बंद असला की चित्रात फार दाणे दिसतात. रिव्हर्सचे बल्ब अधिक वॅटचे लावावेत का?

पहिल्या उत्तरदात्याचे उत्तर

अधिक वॅटचे बल्ब लावू नका. होल्डर आणि दिव्याचे प्लॅस्टिक २१ वॅटच्या उष्णतेसाठी बनवलेले आहे. त्याहून मोठा बल्ब लावल्यास ते पिवळे पडून वितळते आणि मागच्या माणसाच्या डोळ्यांवरही प्रकाश येतो. त्याऐवजी दिव्याच्या काचा सोडवून आतून-बाहेरून धुवा. इतक्या वर्षांत आत धुळीचा थर नक्की बसला असेल. आतील चंदेरी परावर्तक मात्र घासू नका, मऊ फडक्याने नुसता टिपून घ्या. दोन्ही बल्ब जुने असतील आणि त्यांची काच आतून काळवंडली असेल तर त्याच वॅटचे नवे बसवा. कॅमेऱ्याचे भिंगही दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसत जा. एवढे करूनही दाणे राहिले तर कळवा, मग पडद्याचा उजळपणा कसा कमी-जास्त करायचा ते पाहू.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

काचा धुतल्या. आत खरोखरच बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ होती, आणि उजवा बल्ब काळवंडलेला होता तो बदलला. काल रात्री नऊ वाजता गाडी मागे घेताना ओट्याच्या पायरीवर बसलेले मांजर पडद्यावर स्पष्ट दिसले.